कोजागिरीच्या संध्याकाळी डोक्यावरून आलेला झोत

९ ऑक्टोबर २०२२, रविवार, कोजागिरी पौर्णिमा. संध्याकाळी ६ वाजून ४७ मिनिटांनी गॅमा किरणांचा एक झोत पृथ्वीवर येऊन थडकला. त्या क्षणी त्याचा उगम आकाशात कुठे होता, याचे गणित मांडले तर उत्तर मोठे मजेशीर येते. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या जवळजवळ थेट डोक्यावर! माथ्यापासून जेमतेम दोन-अडीच अंश दूर, अभिजित आणि श्रवण या ताऱ्यांच्या मधल्या पट्ट्यात. आजवर नोंदवलेला हा सर्वांत प्रखर गॅमा किरण स्फोट. खाली मात्र कोणाला त्याचा पत्ताही लागला नाही.

गॅमा किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि वातावरण त्यांना वरच्यावरच अडवते. त्यामुळे आपल्याला अपाय झाला नाही. मात्र वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात, म्हणजे आयनांबरात, काही तास खळबळ राहिली. भारतातील वीज टिपणाऱ्या उपकरणांवरही तिची नोंद झाली.

हवा हे किरण अडवते म्हणूनच त्यांच्या दुर्बिणी अवकाशात ठेवाव्या लागतात. ‘फर्मी’ या उपग्रहाने स्फोटाची सुरुवात टिपली. ५३ मिनिटांनी ‘स्विफ्ट’ उपग्रहाला त्याच दिशेला क्ष-किरणांची धग दिसली. ती इतकी तेजस्वी होती की उगम आपल्याच आकाशगंगेत असावा, असे आधी वाटले. दोन्ही नोंदी एकाच घटनेच्या आहेत, हे काही तासांनी उलगडले. नंतर चिलीतील मोठ्या दुर्बिणीने प्रकाशाचे पृथक्करण केले आणि अंतर कळले. हे किरण सुमारे १९० कोटी वर्षांपूर्वी निघाले होते. मलंगगड, चंदेरीचा काळा कातळ जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा!

दोन सेकंदांहून जास्त टिकणाऱ्या स्फोटाला ‘दीर्घ’ म्हणतात. सूर्यापेक्षा कितीतरी जड तारा स्वतःच्या भाराने कोसळतो, गाभ्यात कृष्णविवर जन्मते आणि दोन विरुद्ध दिशांना झोत सुटतात. त्यातला एक नेमका आपल्याकडे रोखलेला असेल तरच तो आपल्याला दिसतो. कोजागिरीचा मुख्य भडका सुमारे पाच मिनिटे चालला.

खरी अडचण मोजण्यात आली. गॅमा कण स्फटिकावर आदळला की क्षणिक चमक उमटते. ती कधी उमटली यावरून वेळ कळते, किती मोठी होती यावरून ऊर्जा. अंबरनाथ स्थानकात लोकलच्या दारातून एकेक प्रवासी उतरला तर मोजता येतो, पण लोंढा बाहेर पडला की मोजणी चुकते. तसेच झाले. ‘फर्मी’सह अनेक उपकरणांची मोजणी ऐन भरात कोलमडली. वेगवेगळ्या उपग्रहांच्या नोंदी जुळवून खरी प्रखरता काढावी लागली. असा झोत सरासरी दहा हजार वर्षांतून एकदा येतो, असा अंदाज आहे. अंबरनाथचे शिवमंदिर १०६० सालचे. त्याच्या वयाच्या दहापट हा काळ.

या मोजणीत महाराष्ट्राचाही वाटा आहे. भारताचा ‘ॲस्ट्रोसॅट’ सप्टेंबर २०१५ मध्ये झेपावला. त्यावरील कॅडमियम-झिंक-टेल्युराइड उपकरणाच्या उभारणीत मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्याची आयुका यांचा मोठा हात. उपकरण सुरू झाले त्याच दिवशी, ६ ऑक्टोबरला, पहिला स्फोट सापडला. नोव्हेंबर २०२३ पर्यंत आकडा ६०० वर गेला. शंभर किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरचे किरण उपकरणाच्या भिंतीही भेदून येतात, त्यामुळे बाजूने आलेला स्फोटही त्याला कळतो.

तरीही एका उपग्रहाच्या आकाशाचा जवळजवळ ३० टक्के भाग खालची पृथ्वीच झाकून टाकते. म्हणून आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने ‘दक्ष’ या मोहिमेचा प्रस्ताव पुढे आला आहे. पृथ्वीच्या विरुद्ध बाजूंना दोन उपग्रह, म्हणजे एकाला न दिसणारे आकाश दुसऱ्याच्या समोर. हे स्फोट पूर्वसूचना देत नाहीत आणि काही मिनिटांत ओसरतात. त्या वेळी योग्य दिशेला जागे उपकरण नसेल, तर ती मोजणी पुन्हा करता येत नाही.