मनाची गोळी आणि मेंदूतले हमाल

"आठ दिवस गोळी घेतली, काही फरक पडला नाही, म्हणून बंद केली." नाशिकच्या वस्त्यांमध्ये हे वाक्य आम्ही वारंवार ऐकतो. गोळी उदासीची असते. बंद करणारी कधी घर ओढणारी बाई असते, कधी काम सुटलेला तरुण. गोळी सुटली, त्रास वाढला की घरातले म्हणतात, "डॉक्टरकडचं नाही हे, बाहेरचं आहे." मग गंडेदोरे, उतारे आणि त्यासाठी काढलेले कर्ज. म्हणून ही गोळी डोक्यात जाऊन नेमके काय करते, ते आज समजून घेऊ.

आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. त्या एकमेकींना बहुतेक ठिकाणी चिकटलेल्या नसतात. दोघींच्या मध्ये अगदी बारीक फट असते. एक पेशी त्या फटीत रसायन सोडते, समोरच्या पेशीला ते लागते आणि निरोप पोहोचतो. सेरोटोनिन, डोपामिन, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन ही अशीच निरोप नेणारी रसायने. झोप, भूक, उत्साह, भीती या सगळ्यांत त्यांचा हात असतो.

या रसायनांची ने-आण करायला पेशीत खास प्रथिने असतात. त्यांना वाहक म्हणतात. मार्केट यार्डातले हमाल डोळ्यांसमोर आणा. एक हमाल गोदामात माल पोत्यांत भरतो. दुसरा हमाल रस्त्यावर उरलेला माल उचलून परत गोदामात आणतो. मेंदूतही असेच दोन प्रकारचे वाहक आहेत. एक रसायन पेशीतल्या सूक्ष्म पिशव्यांत भरतो. दुसरा निरोप देऊन झाल्यावर फटीत उरलेले रसायन परत आत ओढतो.

पहिल्या हमालाची गोष्ट आपल्या मुंबईशी जोडलेली आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या वनस्पतीच्या मुळीने ५० रुग्णांचे वाढलेले ब्लडप्रेशर कसे उतरले, याचा अहवाल १९४९ साली ब्रिटनच्या हृदयरोगाच्या मासिकात छापला. जगभरच्या डॉक्टरांचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन हे औषध वेगळे काढले गेले. १९५७ साली डॉ. वकील यांना अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

पण रेसर्पिन घेणारे काही रुग्ण खूप उदास होऊ लागल्याचे डॉक्टरांनी नोंदवले. शोध घेतल्यावर कळले की रेसर्पिन पोती भरणाऱ्या हमालालाच अडवते. रसायन पिशवीत जात नाही, पेशीतच नष्ट होते आणि निरोप द्यायला माल उरत नाही. मनाच्या त्रासामागे मेंदूतल्या रसायनांचाही भाग असावा, या विचाराला इथून जोर मिळाला. यातला आपल्यापुरता धडा असा: "बीपीवर रामबाण" म्हणून रस्त्यावर विकली जाणारी सर्पगंधेची मुळी मनाने घेऊ नका. आधीच उदासी असेल तर मुळीच नको.

दुसरा हमाल सापडला अमेरिकेत. ज्युलियस अ‍ॅक्सेलरॉड हे न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतल्या ज्यू कुटुंबात जन्मले. वडील टोपल्या विणत. त्या काळी तिथली वैद्यकीय कॉलेजे ज्यू मुलांना मोजक्याच जागा देत. अ‍ॅक्सेलरॉड यांना एकाही कॉलेजने घेतले नाही. ते प्रयोगशाळेत साधे तंत्रज्ञ झाले आणि वयाच्या चाळिशीनंतर, १९५५ साली त्यांनी पीएच.डी. मिळवली. काम झालेले नॉरअ‍ॅड्रेनॅलिन पेशी परत आत ओढून घेते, हे त्यांनी दाखवून दिले. १९७० साली त्यांना आणखी दोन शास्त्रज्ञांसोबत नोबेल मिळाले.

आज डॉक्टर उदासीवर फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम अशा गोळ्या देतात. त्या याच दुसऱ्या हमालाला, म्हणजे सेरोटोनिन परत नेणाऱ्या वाहकाला अडवतात. त्यामुळे सेरोटोनिन फटीत जास्त वेळ राहते.

मग फरक लगेच का पडत नाही? हमाल अडतो काही तासांतच. पण वाढलेल्या सेरोटोनिनशी जुळवून घ्यायला पेशींना वेळ लागतो. मनाला बरे वाटायला साधारण २ ते ४ आठवडे जातात, काहींना ६. उलट मळमळ, डोके दुखणे, झोप बिघडणे हा त्रास पहिल्याच आठवड्यात होतो आणि बहुतेकांचा हळूहळू कमी होतो. म्हणजे त्रास आधी आणि गुण नंतर. आठव्या दिवशी गोळी सोडणारा माणूस त्रास तेवढा सोसतो आणि गुण यायच्या आधीच उठून जातो.

म्हणून एवढे ध्यानात ठेवा. बरे वाटले तरी गोळी आपल्या मनाने बंद करू नका. साधारणपणे बरे वाटल्यानंतरही निदान ६ महिने ती चालू ठेवतात. एकदम सोडली तर चक्कर, घाबरेपणा, अंगात झटके आल्यासारखे होते. डॉक्टर ती हळूहळू कमी करतात. ही दारूसारखी नशा नव्हे. शेजारणीची गोळी घेऊ नका. दुसरी औषधे, दारू, गरोदरपण हे डॉक्टरांपासून लपवू नका. गोळी सुरू झाल्यावर, विशेषतः तरुण मुलामुलींमध्ये, बेचैनी वाढली किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार आले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा आणि त्या माणसाला एकटे सोडू नका.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. "सेरोटोनिन कमी झाले म्हणून उदासी आली" इतके हे सोपे नाही. कर्ज, बेकारी, घरातली मारहाण, जातीवरून झालेला अपमान हेही माणसाला आतून पोखरतात. गोळी कर्ज फेडत नाही, मारणारा हात थांबवत नाही. पण खाली बसलेल्या माणसाला उठून त्याविरुद्ध उभे राहण्याइतके बळ ती देऊ शकते. तिच्या जोडीला बोलणारे, ऐकणारे माणूस हवेच.

उपचार महाग म्हणून अंगारे करायची गरज नाही. नाशिकच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी सेवेत उपचार मिळणे हा आपला हक्क केला आहे. १४४१६ या टेलीमानसच्या नंबरवर दिवसरात्र फुकट आणि मराठीत बोलता येते. आणि भूत उतरवतो म्हणून कुणी बाईला बांधले, मारले, तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे. पोलिसांत तक्रार करा.

घरात कुणाची अशी गोळी चालू असेल तर आज तिचे पाकीट बघा. किती दिवस झाले ते मोजा आणि संपण्याआधी पुढची आणून ठेवा.