वेड : वैद्यकातील आणि कायद्यातील

खानदेशी बोलीत ‘येडा’ हा शब्द रागाने, लाडाने आणि कीव करतानाही वापरला जातो. अर्थ इतका सैल असूनही व्यवहार अडत नाही. न्यायालयात मात्र तो अडतो. वेडाचा बचाव फौजदारी खटल्यात क्वचितच का टिकतो, याचे उत्तर पुष्कळ अंशी शब्दार्थातच सापडते.

१८६० च्या भारतीय दंड संहितेच्या ८४ व्या कलमाने मनाच्या विकलतेची व्याख्या केलेली नाही. तिचा परिणाम तेवढा सांगितला आहे. कृत्य करतेवेळी, त्या विकलतेमुळे, कृत्याचे स्वरूप किंवा ते गैर अथवा बेकायदेशीर आहे हे जाणण्यास आरोपी असमर्थ असला पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या २२ व्या कलमातही हीच कसोटी आहे. तेव्हा नुसता आजार पुरेसा नाही, अनावर ऊर्मीही पुरेशी नाही. जाणण्याची शक्तीच लोपलेली असावी लागते. वैद्य ‘याला काय झाले आहे?’ असे वर्तमानकाळी विचारतो. न्यायाधीश ‘त्या वेळी याला काय कळत होते?’ असे भूतकाळी विचारतो.

रामन राघवच्या खटल्यात हा भेद स्पष्ट दिसतो. मुंबईच्या सत्र न्यायालयाने १९६९ साली वेडाचा बचाव अमान्य करून त्याला फाशी सुनावली. पुढे तज्ज्ञ मंडळाने त्याचा मनोविकार बरा न होणारा ठरविल्यावर १९८७ साली उच्च न्यायालयाने शिक्षा जन्मठेपेवर आणली. आजार मान्य झाला. दोष मात्र कायम राहिला.

पुराव्याचा भारही आरोपीवरच असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली तो भार शक्याशक्यतेच्या तराजूपुरता हलका केला, तरी त्या क्षणाचा साक्षीदार बहुधा नसतोच. मग आधीचे उपचार व नंतरचे वर्तन यांवरून अनुमान काढावे लागते. महाराष्ट्रातील एका पोलीस शिपायावर पत्नीच्या खुनाचा आरोप होता. उपचारांचा इतिहास, कुटुंबातील मनोविकार, दुबळा हेतू आणि पळून न जाणे या गोष्टी एकत्र पाहून सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली त्याला निर्दोष ठरविले.

येथे एक गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही. रुग्णालयाऐवजी ज्याला देवऋषीकडे नेले, त्याच्या आजाराचा कागद कोठेच उमटत नाही. अशाचा बचाव कोसळतो तो मन शाबूत होते म्हणून नव्हे, तर विकलतेची नोंद कोणी केली नाही म्हणून. कायद्याचा शब्द काटेकोर असावाच. पण त्या काटेकोरपणाची किंमत कोण मोजतो, हेही अभ्यासकाने पाहिले पाहिजे.