कोणाचा रे तू?

पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे नागपुरात तान्हा पोळा. नंदनवनच्या लेआऊटांमध्ये खरा बैल औषधालाही सापडत नाही, पण सोंगं घेतलेली पोरं चाकांचे लाकडी नंदी ओढत दारोदार फिरतात. दार उघडतं, बैलाला कुंकू लागतं, हातावर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, पडतो. त्याआधी ठरलेला प्रश्न येतो, "कोणाचा रे तू?"

या चार-दोन क्षणांत केवढं काही घडतं! अमेरिकी समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूलीने 1902 साली मांडलं होतं की 'मी' आतून आपोआप उगवत नाही. दुसऱ्याच्या नजरेच्या आरशात आपण कसे दिसतो, तो आपल्याविषयी काय ठरवतो, याचा अंदाज घेत घेत हा 'मी' घडतो. वाघ बनून आलेलं पोरगं दार उघडणाऱ्या काकूंचा चेहरा निरखतं ना, नेमकं तेच. पुढल्या वर्षी काकू म्हणतात, "तू तर मागच्या साली वाघ होतास!" त्याची ओळख आता तिसऱ्याच घरात जपून ठेवलेली असते.

आणि ही काकू जवळची नसते, हे तर आणखी नवल. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटरने 1973 मध्ये दाखवलं की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम 17 टक्क्यांचीच ती ओळख नेहमीच्या भेटीगाठीतली होती. जवळच्यांना आपल्याला ठाऊक तेवढंच ठाऊक असतं. नवी बातमी येते ती लांबच्या माणसाकडून. नात्यागोत्याबाहेरच्या शेजाऱ्यांनी भरलेल्या वस्तीत असे पातळ धागे तान्हा पोळा एका संध्याकाळी विणून टाकतो.

प्रश्न मात्र तेवढा निरागस नाही. 'कोणाचा?' म्हणजे कित्येकदा 'कोणत्या जातीचा?' याच शहरात, 14 ऑक्टोबर 1956 रोजी, लाखो माणसांनी बाबासाहेबांसोबत बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्या प्रश्नाचं उत्तरच बदललं. एकट्याने बदललं असतं तर गावाने त्याला जुन्याच नावाने हाक मारली असती. लाखोंनी एकदम बदललं, म्हणून नव्या माणसाला नवा म्हणून ओळखणारे डोळेही त्याच दिवशी तयार झाले. कूलीचा आरसा असा सगळ्यांनी मिळून बदललेला मला तरी दुसरीकडे दिसत नाही.

तेव्हा येत्या तान्ह्या पोळ्याला फ्लॅट स्कीमचं फाटक उघडं ठेवायला चौकीदाराला सांगा. आणि बोजारा देताना बापाचं नव्हे, पोराचं नाव विचारा.