डावा कॉर्नर

पहाटे सव्वापाचला नेवासे तालुक्यातल्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेमागे, दोन पोरं बादलीने मैदानावर पाणी मारत असतात. आदल्या संध्याकाळी त्यांनी कुदळीने जमीन उकरून ढेकळं फोडलेली असतात, वखारीतून आणलेला लाकडाचा भुसा वर पसरलेला असतो. पाणी जास्त झालं तर चिखल होतो, कमी पडलं तर गुडघे सोलवटतात. मग एकजण मूठभर माती दाबतो आणि सोडतो. ती हलकेच फुटली की तो मान हलवतो, आणि बाकीचे चपला काढून आत येतात.

नोव्हेंबरपासून मी या मैदानावर जातो आहे. त्यातला एकोणीस वर्षांचा एक मुलगा डाव्या कॉर्नरला खेळतो. वर्तमानपत्रात त्याला ‘डावा कोपरारक्षक’ म्हणतील; मैदानावर कुणी तसं म्हणत नाही. गावात त्याला नावापेक्षा ‘कॉर्नर’ अशीच हाक जास्त पडते, म्हणून मीही इथे तेच म्हणतो.

कबड्डी पाहणाऱ्याची नजर रेडरवर, म्हणजे चढाई करणाऱ्यावर असते. मीही आयुष्यभर तशीच कबड्डी पाहिली. कॉर्नरच्या मागे, शेवटच्या रेषेपाशी उकिडवं बसून खेळ पाहायला लागलो तेव्हा कळलं की तिथून हा खेळ वेगळाच दिसतो. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा असते आणि तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. समोर सहा किंवा सात खेळाडू असतील तर रेडरला बोनस घेता येतो. त्यासाठी एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकवायचा आणि त्याच वेळी मागचा पाय जमिनीवरून सुटलेला हवा. म्हणजे पापणी लवते तेवढा वेळ सत्तर-पंच्याहत्तर किलोचा माणूस एका पायावर उभा असतो. कॉर्नरला मिळतो तो एवढाच वेळ.

डाव्या कॉर्नरसमोर रेडरचा उजवा पाय येतो. तो पाय पुढे सरकतो, मागे जातो, पुन्हा पुढे येतो, यातल्या बहुतेक हालचाली नुसत्या हुलकावण्या असतात. कबड्डी शिकवणारे सर बाहेरून ओरडतात, ‘‘पायाकडं बघू नको रं, पाय फसवतो. कमरेकडं बघ!’’ कंबर पायाबरोबर पुढे आली, तर रेडर खरोखरच वजन टाकणार आहे. त्या क्षणी कॉर्नर गुडघ्यातून सुटतो, दोन्ही हातांनी घोटा कवळतो, डोकं बाहेरच्या बाजूला ठेवतो, म्हणजे रेडरचा दुसरा गुडघा कानशिलावर बसत नाही, आणि गाल मातीला टेकवून घोटा छातीशी ओढतो. पुढचं काम शेजारी उभ्या इनवाल्याचं आणि त्यापलीकडच्या कव्हरचं. ते वेळेत अंगावर आले नाहीत तर ताकदीचा रेडर त्याला तसाच फरफटत मध्यरेषेपर्यंत नेतो. आणि पायाला भुलून झेप आधीच गेली, तर बोनसचा एक गुण आणि कॉर्नरला स्पर्श झाल्याचा दुसरा, असे दोन गुण जातात. वर कॉर्नर बाहेर.

एका सकाळी मी मोजलं. चाळीस झेपा. सव्वीस वेळा घोटा हातात आला, चौदा वेळा नुसती माती. झेप चुकली की तो काहीच बोलायचा नाही. उठून तोंडातली माती थुंकायचा आणि आपल्या जागेवर जाऊन उभा राहायचा.

हा मुलगा स्वतःला व्यावसायिक खेळाडू समजतो आणि मीही त्याला तसंच समजतो, कारण गेली दोन वर्षं तो खेळून पैसे कमावतो आहे. पण या पायरीला आपल्याकडे नाव नाही. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये प्रीमियर लीगच्या खाली आणखी तीन व्यावसायिक विभाग आहेत. तिथल्या चौथ्या पायरीवरचा खेळाडू जगाला ठाऊक नसेल, पण त्याच्याकडे क्लबचा करार असतो आणि पगार असतो. कबड्डीत प्रो कबड्डी आहे. २०१४ च्या २६ जुलैला ती सुरू झाली. आज तिच्यात बारा संघ आहेत, एका संघात १८ ते २५ खेळाडू. ११व्या हंगामाच्या लिलावात सर्वांत खालच्या ‘ड’ गटाची मूळ किंमत ९ लाख रुपये होती, आणि सचिन तन्वरवर २ कोटी १५ लाखांची बोली लागली. त्या अडीच-तीनशे जागांच्या खाली हंगामभर पगार देणारी दुसरी लीग नाही. २०२२ मध्ये युवा कबड्डी सिरीज सुरू झाली, तिच्या महाराष्ट्रातल्या स्पर्धेत आपला जिल्हा ‘अहमदनगर पेरियार पँथर्स’ म्हणून उतरला, आणि तिथे चमकलेल्या पोरांकडे मोठ्या संघांचं लक्ष जातं. पण ते काही आठवड्यांचं काम. वर्षातले बाकीचे महिने कॉर्नरसारखी पोरं गावोगावच्या रात्रीच्या सामन्यांवर काढतात.

हे सामने जत्रेत होतात, उरुसाला होतात, शिवजयंतीला होतात, पुढाऱ्याच्या वाढदिवसालाही होतात. चौकात फ्लेक्स लागतो, त्यावर बक्षीस देणाऱ्यांचे फोटो खेळाच्या चित्रापेक्षा मोठे असतात. संघाला एखाद्या जागी माणूस कमी पडला की बाहेरचा खेळाडू बोलावतात, त्याला ‘गेस्ट’ म्हणतात. कॉर्नरचा फोन डिसेंबरपासून वाजायला लागतो. ‘‘शनिवारी शेवगावकडं मॅच आहे, येतो का? डावीकडं कुणी नाही आपल्याला.’’ कधी ठरीव मानधन, कधी बक्षिसात वाटा.

मैदानावरच्या पोरांबरोबर मी अशाच एका सामन्याला गेलो. पहिली लढत रात्री नऊला म्हणून सांगितली होती, ती सुरू झाली पावणेबाराला. तोवर पोरं जीपच्या आडोशाला अंग गरम ठेवायला उड्या मारत होती, थंडीत पुन्हा गार पडत होती, पुन्हा उड्या मारत होती. उपउपांत्य फेरीत दोन गुणांनी मागे असताना कॉर्नरने एका दांडग्या रेडरचा घोटा धरला. समोरच्यांना वाटलं सुटला, पण सुटला नाही. माईकवरून आवाज आला, ‘‘डाव्या कॉर्नरला आपल्या गावच्या एका क्रीडाप्रेमींकडून पाचशे रुपये!’’ लढत थांबवून त्याला बोलावलं, नोट हातात दिली. ती त्याने मोज्यात खुपसली आणि जागेवर गेला.

उपांत्य सामना ते हरले, तिसरं बक्षीस मिळालं. ११ हजार. पहाटे तीनला घोडेगावजवळ एका बंद टपरीपाशी जीप थांबली आणि मोबाईलच्या उजेडात वाटप झालं. प्रवेश फी हजार, डिझेल अठराशे, जेवण सहाशे. उरले ७ हजार ६००. खेळलेले सात आणि बदली दोन, अशा नऊ जणांत ते वाटले, तेव्हा एकेकाला साडेआठशेही आले नाहीत. बदली खेळाडूंना सारखाच वाटा, यावर कुणी चकार शब्द काढला नाही. माईकवर मिळालेलं मात्र ज्याचं त्याचं. ही वाटणी मला फार आवडली. त्या पोरांनी ती कुठल्या नियमावलीत वाचलेली नाही. उद्या आपणही बदली असू, हे प्रत्येकाला माहीत आहे.

दुखापतीचं गणित मात्र कुणीच असं वाटून घेत नाही. गावातली कबड्डी मातीवरची, अनवाणी. मोठी कबड्डी मॅटवरची, बूट घालून. मातीत पाय थोडा घसरतो. धक्का बसला तर तळवा सरकतो आणि गुडघा वाचतो. मॅटवर बूट चिकटून बसतो. वरून चौघांचं वजन पडतं, पाऊल जागचं हलत नाही, आणि सगळा पीळ गुडघ्यात जातो. मातीवर बारा-बारा वर्षं खेळलेला पोरगा पहिल्यांदा मॅटवर जातो तेव्हा झेप तीच असते, पण पाय पूर्वीसारखा सुटत नाही. जिल्ह्यात मॅट मोजक्या ठिकाणी. त्यामुळे सराव मातीवर आणि परीक्षा मॅटवर, असा प्रकार चालतो. मला हा या सगळ्यातला सर्वांत मोठा धोका वाटतो, आणि तो टाळता येण्यासारखा आहे. तालुक्याला एक मॅट ही काही मोठी मागणी नाही.

अस्लम इनामदार आपल्याच जिल्ह्यातला. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता, आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये त्याच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने हरयाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिल्यांदा प्रो कबड्डी जिंकली. या मैदानावरच्या प्रत्येक पोराला ती अंतिम लढत चढाईगणिक पाठ आहे. पुढच्याच हंगामात गुडघ्याच्या दुखापतीने त्याला बाहेर बसावं लागलं. त्याच्या मागे संघ होता, त्यातून तो पुन्हा उभा राहिला. या गावातला उजवा कॉर्नर मात्र दोन वर्षांपूर्वी रात्रीच्या सामन्यात पडला. लिगामेंट गेलं. ऑपरेशन घरच्यांनी उसनवारी करून केलं, आयोजकांकडून कुणी आलं नाही. तो आता जेसीबी चालवतो. संध्याकाळी मैदानाशेजारी थांबतो, खाली उतरत नाही.

कॉर्नरच्या डाव्या गुडघ्याला सूज येते. रोज सकाळी तो क्रेप बँडेज गुंडाळतो, वर नी-कॅप चढवतो. सराव संपला की फाट्यावरच्या रसवंतीतून बर्फाचा तुकडा आणतो आणि फडक्यात बांधून वीस मिनिटं धरून बसतो. रसवंतीवाला त्याचे पैसे घेत नाही.

२०२४ च्या मार्चमध्ये पुरुषांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा नगरच्या वाडिया पार्कवर झाली. कॉर्नर तेव्हा सतरा वर्षांचा होता. तो एसटीने जाऊन तीन संध्याकाळी तिथे बसला. त्याच्या मनात तिथलं काय राहिलं असेल, तर रेल्वे आणि सेनादल. राज्यांच्या संघांबरोबर हे संघही खेळतात, आणि त्यांचे खेळाडू नोकरीत असतात. घरी येऊन तो वडिलांना म्हणाला होता, ‘‘पप्पा, त्यांना पगार चालू असतो आणि खेळायला सुट्टी मिळते.’’ हे त्याने मला सांगितलं तेव्हा त्याच्या आवाजात जे होतं, ते लिलावातल्या कोटींबद्दल बोलताना कधी आलं नाही.

बहुतेक पोरांचं खरं स्वप्न हेच आहे. रेल्वे, पोलीस, सेनादल. मुंबईत एअर इंडिया, महिंद्रा, भारत पेट्रोलियम यांच्या संघांमुळे किती कबड्डीपटूंची घरं उभी राहिली. राज्य शासनाच्या नोकरभरतीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पण त्यासाठी लागतं मान्यताप्राप्त स्पर्धेतल्या कामगिरीचं प्रमाणपत्र, तेही पडताळणी झालेलं. जत्रेतल्या सामन्यांची ट्रॉफी तिथे चालत नाही. आणि जिल्हा निवड, सराव शिबिर, राज्य स्पर्धा या वाटेवर प्रमाणपत्र मिळतं, पैसा मिळत नाही. ज्या आठवड्यात शिबिर, त्याच आठवड्यात कुठेतरी जत्रा असते.

त्याच्या घरी गेलो तेव्हा हे डोळ्यांनी पाहिलं. तीन एकर रान, ऊस आणि कांदा, पत्र्याचं घर, बारावीतली बहीण. ट्रॉफ्या शेडमध्ये गोणीत भरलेल्या, वर फवारणीचा पंप. शालेय आणि जिल्हा स्पर्धांची प्रमाणपत्रं मात्र प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये, आणि ती फाईल कपाटात, आईच्या ठेवणीतल्या साडीखाली. आईने हात पुसून ती बाहेर काढली. आत चार कागद होते. पाचवा यायचा आहे, तो राज्य स्पर्धेचा.

कुमार गटाचं त्याचं हे शेवटचं वर्ष. या गटाला वयाबरोबर वजनाचीही मर्यादा असते. निवड चाचणीच्या आदल्या दुपारी किराणा दुकानाच्या काट्यावर त्याचं वजन १ किलो ४०० ग्रॅम जास्त भरलं. दुपारनंतर त्याने पाणी तोंडाला लावलं नाही. संध्याकाळी स्वेटर, त्यावर रेनकोट घालून तो कालव्याच्या रस्त्याने पळाला. मी सायकलवर मागे होतो. ओठ पांढरे पडले होते. थांब म्हणालो, तर त्याने नुसता हात हलवला. हे मला पटत नाही, आणि सरांनाही मी तसं सांगितलं. घाम आटवून उतरवलेल्या वजनावर दोन तासांनी पूर्ण ताकदीने झेपावणं म्हणजे शरीराशी खेळ आहे. सर म्हणाले, ‘‘खरंय तुमचं. पण हे वर्ष गेलं तर थेट मोठ्या गटात, तिथं पंचवीस-सव्वीसचे बाप्ये असतात.’’ यावर मला उत्तर सापडलं नाही.

सकाळी काट्यावर तो २०० ग्रॅमने आत बसला. पंचांनी मनगटावर पेनने खूण केली. बाजूला येऊन त्याने पाण्याची बाटली उघडली आणि एकदम न पिता झाकणाने मोजून मोजून प्यायला.

चाचणी मॅटवर होती. पहिल्या डावात तो आधीच झेपावला आणि बाहेर गेला. परत आत आल्यावर बराच वेळ त्याने काहीच केलं नाही. समोरचा रेडर दोनदा हुलकावून गेला, हा जागचा हलला नाही. तिसऱ्यांदा कंबर आली. घोटा, छाती, मग कव्हरची धडक. दुसऱ्या डावात आणखी एक. निवड समितीतल्या एकाने वहीत काहीतरी लिहिलं.

दुपारी शिबिरासाठी निवडलेल्यांची यादी वाचली गेली, त्यात त्याचं नाव होतं. शिबिराच्या काळात बाहेर कुठेही सामना खेळायचा नाही, असंही बजावलं गेलं. अर्ध्या तासाने फोन वाजला. पाथर्डीकडे तीन रात्रींची स्पर्धा, गेस्ट म्हणून ठरीव ५ हजार. तारखा शिबिराच्याच. तो उठून जरा लांब गेला, तरी मला ऐकू येत होतं. ‘‘नाही दादा, शिबिर आहे... नाही, खरंच नाही जमायचं... पुढच्या वेळी नक्की.’’

मग त्याने घरी फोन लावला. ‘‘पप्पा, नाव लागलं.’’ थोडं थांबून म्हणाला, ‘‘कांदा काढायला माणसं लावा. मी नाही आता पंधरा दिवस. मजुरीचं बघू आपण.’’ पलीकडून वडील काय म्हणाले ते मला कळलं नाही. तो ‘‘हं, हं’’ करत राहिला. मग त्याने बँडेज सोडलं, गुडघ्यावरून हात फिरवला, बूट पिशवीत टाकले. प्लॅस्टिकची फाईल मात्र शर्टाच्या आत, पोटाशी धरली आणि नेवाशाची एसटी पकडायला निघाला.