☀️ सोलर गाडी घ्यायची? आधी हे वाचा

पुण्याच्या वायवे कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये ‘ईव्हा’ ही छोटी सोलर कार दाखवली. तेव्हापासून येणारे प्रश्न:

*नुसत्या उन्हावर चालते?* नाही. छतावरच्या पॅनलवर वर्षाला ३००० कि.मी.पर्यंत, असं कंपनी सांगते. म्हणजे दिवसाला फार तर ८. वडवणी-बीड जाऊन यायला घरचं चार्जिंग लागणारच.

*ढगाळ असलं तर?* पॅनल कमी वीज देतं, गाडी बॅटरीवर चालते.

*माल नेता येईल?* नाही. दोन मोठी माणसं, एक लेकरू.

*शेतीपंपाच्या कनेक्शनवर चार्ज?* नको. वीज कायदा कलम १२६: दुप्पट दराने आकारणी होते.

बॅटरी भाड्याची की स्वतःची, वॉरंटी किती, सर्व्हिस सेंटर कुठं, हे लेखी घ्या. मगच पैसे भरा.