वृद्धसेवेची मिनिटे कोण मोजणार?

अंथरुणास खिळलेल्या वृद्धेला कूस बदलून देण्यास किती मिनिटे लागतात, हा संशोधनाचा विषय होऊ शकतो काय? जपानमध्ये तो झाला. वृद्धांच्या दीर्घकालीन शुश्रूषेविषयी जपानमध्ये व आपल्याकडे झालेल्या संशोधनाची तुलना करू गेल्यास दोन्ही वाटांमधील भेद येथेच दिसून येतो.

जपानने १९९७ मध्ये शुश्रूषा-विम्याचा कायदा केला आणि एप्रिल २००० पासून तो अमलात आणला. चाळिशी गाठलेल्यांनी वर्गणी भरावयाची व विमा चालवावयाचा तो नगरपालिकांनी, अशी त्याची रचना आहे. कोणाला किती सेवा द्यावयाची हे ठरविण्यासाठी वृद्धालयांतील सेवकांच्या कामाची मिनिटामिनिटाची नोंद घेण्यात आली. तिच्या आधारे अर्जदाराच्या रोजच्या गरजेचा अंदाज बांधतात. ती ३२ ते ५० मिनिटांच्या दरम्यान असेल तर शुश्रूषेची पहिली श्रेणी. ११० मिनिटे वा अधिक असेल तर पाचवी. विम्यामुळे घरातील स्त्रियांचा भार हलका झाला काय, याचाही शोध अभ्यासकांनी पुढे घेतला.

आपल्याकडेही संशोधन झालेले नाही असे नव्हे. मुंबईत देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये ४५ वर्षांवरील व्यक्ती व त्यांचे जोडीदार अशा सुमारे ७२ हजार जणांची देशव्यापी पाहणी केली. स्नान, भोजन, चालणे यांतील अडचणींची नोंद तीत आहे. परंतु तिचा रोख मुख्यतः वृद्धाचा आजार आणि अर्थस्थिती यांवर आहे. सेवा करणारी व्यक्ती कडेलाच राहते. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत, घरातील माणसांची देखभाल करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी रोज सरासरी १३४ मिनिटे देतात, तर पुरुष ७६, असे आढळले. मात्र या आकड्यांत मुलांचे संगोपनही मिसळलेले आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातील अपत्यांच्या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू, नात येतात. प्रत्यक्षात अनेक घरांत रात्री उठते ती सून; तिला विसावा कोण देणार, याविषयी कायदा मूक आहे.

जपान धनाढ्य आहे. त्याचा विमा आपणांस पेलणार नाही, हा आक्षेप रास्तच आहे. त्या देशालाही आज वाढता खर्च आणि सेवकांची टंचाई भेडसावीत आहे. परंतु अनुकरण विम्याचे नसले, तरी मोजण्याचे करता येईल.

पनवेलचेच उदाहरण घ्यावे. नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर या सिडको वसाहतींत ऐन तारुण्यात बिऱ्हाड थाटणारी पिढी आता साठी ओलांडीत आहे. उद्वाहक नसलेल्या इमारतीतील तिसरा मजला तिला दिवसेंदिवस उंच वाटू लागणार. नेऱ्याच्या शांतिवनासारख्या संस्थांचे काम आदरणीय असले, तरी बहुतेक वृद्धांची अखेर घरातच होणार. २०१६ मध्ये स्थापन झालेल्या महानगरपालिकेने शिक्षक व महाविद्यालयीन विद्यार्थी यांच्या साहाय्याने प्रभागवार पाहणी करावी: परावलंबी वृद्ध किती, त्यांची सेवा कोण करते, दिवसातून किती वेळ, आणि त्यापायी कोणाची नोकरी सुटली?

वृद्धाच्या उशाशी जागणाऱ्या माणसाची नोंद जोवर कोठेच होत नाही, तोवर त्याच्या विसाव्याची तरतूदही कोणत्याच अंदाजपत्रकात होणार नाही.