माकडांची साक्ष

१९५४ सालच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या बेथेस्डा इथल्या सरकारी प्रयोगशाळेत काही माकडं लुळी पडली. त्यांना कुणी रोग टोचला नव्हता. टोचली होती पोलिओची नवी लस, फॉर्माल्डिहाइडने मारलेल्या विषाणूंची. मेलेल्या विषाणूने माकड लुळं पडत नाही. ही पडली होती. म्हणजे लशीतला विषाणू जिवंत होता.

हे ज्यांच्या नजरेला आलं त्या बर्निस एडी तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. वेस्ट व्हर्जिनियातल्या एका डॉक्टरांची ही मुलगी. सिनसिनाटी विद्यापीठातून त्यांनी पीएच.डी. केली आणि पुढे नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ या सरकारी संस्थेत लशींची सुरक्षितता तपासण्यात हयात घालवली. ही लस शोधणाऱ्या जोनास साल्क यांच्या पद्धतीने औषध कंपन्यांनी बनवलेली लस तपासायचं काम त्यांच्याकडे आलं होतं. आलेली प्रत्येक लस १८ माकडांना टोचायची आणि वाट पाहायची, अशी रीत. कटर लॅबोरेटरीज या कॅलिफोर्नियातल्या कंपनीच्या सहा बॅच तपासल्या गेल्या. त्यातल्या तीनमध्ये जिवंत विषाणू निघाला.

एडींनी हे वरिष्ठांना कळवलं. लुळ्या माकडांची छायाचित्रंही त्यांच्याकडे होती. पण तो काळ कसा होता, हे आठवल्याशिवाय पुढे जे झालं ते कळणार नाही. १९५२ साली एकट्या अमेरिकेत पोलिओचे सुमारे ५८ हजार रुग्ण झाले होते. तीन हजारांहून अधिक माणसं दगावली होती. उन्हाळा आला की आईबाप मुलांना पोहायला पाठवायचे नाहीत. रुग्णालयांत मुलं लोखंडी फुप्फुसाच्या यंत्रात निजलेली असायची. १९५४ मध्ये १८ लाख मुलांवर लशीची चाचणी झाली आणि अख्खा देश निकालाकडे डोळे लावून बसला. अशा वेळी ‘थांबा’ म्हणणारा आवाज कुणालाच नको होता.

१२ एप्रिल १९५५ रोजी मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बर इथे चाचणीचे प्रमुख थॉमस फ्रान्सिस यांनी निकाल जाहीर केला: लस सुरक्षित आहे, परिणामकारक आहे. चर्चच्या घंटा वाजल्या, लोक रस्त्यांत रडले. त्याच दिवशी परवाना द्यायला बसलेल्या समितीने काही तासांत मंजुरी दिली. त्या समितीपुढे एडींचा अहवाल ठेवलाच गेला नाही.

दोन आठवडे पुरते उलटलेही नव्हते, तोच कटरची लस घेतलेली मुलं लुळी पडल्याच्या बातम्या येऊ लागल्या. ज्या हाताला किंवा पायाला सुई टोचली, बहुधा तोच आधी लुळा पडत होता. २७ एप्रिलला कटरची लस बाजारातून मागे घेतली गेली, पण तोवर उशीर झाला होता. सुमारे ४० हजार मुलांना सौम्य पोलिओ झाला, दोनशेच्या आसपास जणांना कमीअधिक पक्षाघात झाला, दहा जण दगावले. त्यांत लस घेतलेल्यांच्या घरची आणि शेजारची माणसंही होती. पुढे चौकशीत कारण उलगडलं. गाळणी नीट काम करत नव्हती. पेशींचे बारीक तुकडे लशीत राहून जात आणि त्यांच्या आत दडलेल्या विषाणूपर्यंत फॉर्माल्डिहाइड पोचतच नसे.

हे सारं माकडांनी कित्येक महिने आधी सांगितलं होतं. आणि ज्यांनी त्यांची साक्ष नोंदवली होती, त्या एडींना पोलिओच्या कामावरून दूर केलं गेलं.

ही माकडं आली कुठून? बरीचशी आपल्याकडून. उत्तर भारतातल्या गावांच्या कडेने, देवळांच्या आवारात वावरणारी लाल तोंडाची ऱ्हीसस माकडं जाळी लावून धरली जात आणि विमानांनी अमेरिकेला धाडली जात. ती केवळ लस तपासण्यासाठी लागत नव्हती. लस बनवायलाही लागत होती. पोलिओचा विषाणू माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढवला जाई. त्या पेशी काही काळच तगत, म्हणून पुन्हा पुन्हा ताजी मूत्रपिंडं हवीत, म्हणजे पुन्हा पुन्हा नवी माकडं हवीत. १९५५ च्या सुरुवातीला लंडनच्या विमानतळावर शेकडो माकडं गुदमरून मेली, तेव्हा भारत सरकारने निर्यात थांबवली. थोड्याच काळात ती पुन्हा सुरू झाली, पण अटींवर: माकडं वैद्यकीय संशोधनासाठी किंवा लशीसाठीच वापरायची आणि नीट वागवायची. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस दरवर्षी लाखाहून अधिक माकडं देशाबाहेर जात होती.

याच माकडांच्या मूत्रपिंडांत एडींना दुसरी गोष्ट सापडणार होती.

पोलिओचं काम हातून गेल्यावर त्या खचल्या नाहीत. सहकारी सेरा स्टुअर्ट यांच्याबरोबर त्यांनी उंदरांमध्ये तऱ्हेतऱ्हेच्या गाठी उठवणारा एक विषाणू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. ‘पॉलिओमा’ हे त्याचं नाव. विषाणूमुळे कर्करोग होऊ शकतो, हे मानायला तेव्हा फार थोडे शास्त्रज्ञ तयार होते. या दोघींच्या कामाने ती कल्पना भक्कम पायावर आली. मग एडींच्या मनात साहजिक प्रश्न आला: उंदरात असा विषाणू असेल, तर माकडात का नसेल? आणि माकडात असेल, तर लाखो मुलांना टोचलेल्या लशीत तो उतरला नसेल कशावरून?

१९५९ च्या जूनमध्ये त्यांनी ऱ्हीसस माकडांच्या मूत्रपिंडाच्या पेशींचा अर्क नुकत्याच जन्मलेल्या हॅमस्टरांना टोचायला सुरुवात केली. महिने गेले. मग कातडीखाली गाठी हाताला लागू लागल्या. अखेरीस दीडशेहून अधिक हॅमस्टरांपैकी सुमारे ७० टक्क्यांना गाठी झाल्या. माकडाच्या मूत्रपिंडात काहीतरी होतं. लस बनवणाऱ्यांना ते दिसत नव्हतं, पण इवल्या हॅमस्टरांनी ते दाखवून दिलं होतं.

१९६० च्या जुलैमध्ये एडींनी हे वरिष्ठ जोसेफ स्मॅडेल यांच्यापुढे ठेवलं. स्मॅडेल यांनी त्या गाठींना महत्त्व दिलं नाही. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कमधल्या कर्करोगतज्ज्ञांच्या सभेत बोलताना एडींनी या शोधाचा उल्लेख केला. मग मात्र स्मॅडेल यांचा पारा चढला. यापुढे परवानगीवाचून जाहीर बोलायचं नाही, असं एडींना बजावण्यात आलं. हळूहळू त्यांची प्रयोगशाळाही काढून घेतली गेली.

पण सत्य दुसऱ्या दारानेही आत येत होतं. मर्क या औषध कंपनीतले बेन स्वीट आणि मॉरिस हिलमन यांनी १९६० मध्येच ऱ्हीसस माकडांच्या पेशींत दडलेला एक विषाणू शोधला. ऱ्हीससच्या पेशींत तो गुपचूप राहत असे, काही अपाय दिसत नसे. आफ्रिकी हिरव्या माकडांच्या पेशींत टाकला की मात्र त्या पेशींत पोकळ्या पडत. त्याला ‘एसव्ही-४०’ नाव मिळालं. हॅमस्टरांच्या गाठींमागे हाच विषाणू होता, हे एडींनी १९६२ पर्यंत दाखवून दिलं. नवी लस या विषाणूपासून मुक्त असावी, असा आदेश १९६१ मध्ये निघाला. आधीचा साठा मात्र परत मागवला गेला नाही आणि तो १९६३ पर्यंत वापरात राहिला.

या विषाणूने माणसांना कर्करोग झाला का? २००२ साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने उपलब्ध अभ्यास तपासले. ठाम होकार किंवा ठाम नकार द्यायला पुरावा पुरेसा नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. लशीने लाखो मुलांचे पाय वाचवले, हे तर निर्विवाद आहे. आज भारत पोलिओमुक्त आहे, तोही लशीमुळेच. म्हणून एडींची कथा लशीविरुद्ध वापरणं हा त्यांच्यावर अन्याय होईल. त्यांचं सारं भांडण लस निर्दोष असावी यासाठी होतं.

१९७२ साली त्यांनी अमेरिकेच्या सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. त्याच वर्षी लशींवरचं नियंत्रण एडींच्या संस्थेतल्या विभागाकडून काढून अन्न आणि औषध प्रशासनाकडे दिलं गेलं.

माकडांच्या निर्यातीचा शेवटही याच बेथेस्डा गावाशी जोडलेला आहे. तिथल्या लष्करी संस्थेत भारतातून आलेल्या माकडांवर किरणोत्सर्गाचे मारे करून ती किती वेळ धावू शकतात हे मोजलं जात होतं. न्यूट्रॉन बॉम्बचे परिणाम जाणण्यासाठीचे हे प्रयोग होते. शर्ली मॅकग्रील यांच्या प्राणिसंरक्षण संघटनेने हे उघड केलं. वैद्यकीय कामाची अट धाब्यावर बसवली गेली, हे पाहून मोरारजी देसाईंच्या सरकारने १ एप्रिल १९७८ पासून निर्यात बंद केली.

प्राण्यांवर प्रयोग करावेत का, यावर प्रामाणिक माणसांची मतं वेगळी आहेत आणि राहतील. १९५९ साली, म्हणजे एडींचे हॅमस्टर वाढत असतानाच, विल्यम रसेल आणि रेक्स बर्च या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी तीन सूत्रं मांडली: शक्य तिथे प्राण्याऐवजी दुसरा मार्ग घ्यावा, प्राण्यांची संख्या कमी करावी, वेदना कमी करावी. आज जगभरातल्या नैतिकता समित्या याच सूत्रांवर चालतात. अमेरिकेत १९८५ च्या कायद्याने संस्थांना अशा समित्या नेमणं भाग पडलं. २०२२ च्या कायद्याने तर नवं औषध माणसांत तपासण्याआधी प्राण्यांवर प्रयोग केलाच पाहिजे, ही सक्तीही उठली. ही वाटचाल योग्यच आहे.

तरी मला या सूत्रांत एका गोष्टीची उणीव जाणवते. किती प्राणी, किती वेदना, हे समित्या विचारतात. उत्तर गैरसोयीचं आलं तर ते कुणापुढे ठेवणार आणि ते कुणी दडपणार नाही याची खात्री कशी देणार, हेही विचारलं गेलं पाहिजे. १९५४ ची माकडं तिन्ही सूत्रं पाळून वापरली असती, तरी त्यांचं मरण वाया गेलं असतं, कारण त्यांनी दिलेलं उत्तर समितीपर्यंत पोचू दिलं गेलं नाही. मुक्या जिवाच्या देहातून उत्तर काढून घ्यायचं आणि नावडतं म्हणून ते कपाटात ठेवायचं, यापेक्षा मोठी क्रूरता मला दिसत नाही. त्या क्रूरतेची किंमत माकडांपाठोपाठ मुलांनीही मोजली. म्हणून प्राण्यांवरच्या प्रत्येक प्रयोगाचा निकाल, हवा असो वा नको असो, उघड व्हावा आणि तो सांगणाऱ्या शास्त्रज्ञाला संरक्षण असावं. हे वचन ज्या संस्थेला देता येत नाही, तिला पिंजऱ्याचं दार उघडून सुई हातात घ्यायचा अधिकार नाही.